नकाशावरची सहल : बारा दिवस आणि बर्फाची चार गावं



या सदरात आपण दर वेळी नकाशा पसरून बसतो आणि घरबसल्या कुठेतरी फिरून येतो. या वेळी मात्र खरोखर निघालेल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती साताऱ्याची, आठवीत शिकते. तिचे मामा स्वित्झर्लंडमध्ये झुरिच शहरात नोकरीला आहेत. येत्या हिवाळ्यात आई, बाबा, आजी आणि ती असे चौघं मामांकडे जाणार आहेत. बाबांना रजा बारा दिवसांची. पैसे तीन वर्षं साठवलेले, आणि "अशी सहल पुन्हा होणे नाही" हे बाबांनी आधीच बजावून ठेवलं आहे.

तिला स्की शिकायचं आहे. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ तो. तिनं गावांची यादीही करून टाकली आहे : दावोस, सेंट मॉरित्झ, झरमाट आणि ग्रिंडेलवाल्ड. बाबा म्हणतात, "हे अष्टविनायक उरकण्यासारखं झालं. एकाच गावात राहू." आई म्हणते, "पाय मोडून घेण्यापेक्षा बर्फ लांबूनच बघू." आणि मैत्रीण मला विचारते, "बाई, बरोबर कोण?"

आपण आधी हिशेब करू. कागद-पेन्सिल घ्या बरं!

पहिला दिवस विमानात जाणार. दुसरा मामांकडे झोप काढण्यात, कारण हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिसऱ्या दिवशी पहिल्या गावाला पोहोचायचं आणि स्कीचे बूट भाड्याने घ्यायचे. अकराव्या दिवशी झुरिचला परत, बाराव्या दिवशी विमान. मध्ये उरले चौथा ते दहावा, म्हणजे सात दिवस. आता चार गावं करायची तर तीनदा मुक्काम हलवावा लागेल. सातातून तीन गेले, चार राहिले. चार गावं आणि चार दिवस, म्हणजे एका गावाला एकच दिवस!

मुक्काम हलवायला आख्खा दिवस कशाला, असं तुम्ही म्हणाल. एस.टी. बदलण्याइतकं सोपं नाही ते. भाड्याचं सामान परत करा, बॅगा भरा, खोली सोडा, आगगाडी पकडा, नवी खोली मिळेपर्यंत थांबा, मग नव्या दुकानात पुन्हा बूट मोजून घ्या. त्यातून सेंट मॉरित्झ ते झरमाट या प्रवासाला 'ग्लेशियर एक्सप्रेस' नावाची प्रसिद्ध गाडी आठेक तास घेते. ही गाडी १९३० साली सुरू झाली. वाटेत ९१ बोगदे आणि २९१ पूल लागतात. गाडी सुंदर आहे यात शंका नाही, पण तो दिवस खिडकीत बसण्याचा, स्कीचा नव्हे.

शिवाय नवशिक्याला एका दिवसात काय येणार? पहिल्या दिवशी बूट घालून चालणं, पडणं आणि पडून उठणं एवढंच होतं. मग स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून थांबायला शिकवतात. लहान मुलांना तिथे 'पिझ्झाचा तुकडा करा' असं सांगतात, आकार तसाच दिसतो म्हणून! दुसऱ्या दिवशी वळणं. तिसऱ्या दिवशी कुठे भीती जाते आणि मजा सुरू होते. शिकवणारे तेच आणि उतारही तोच असेल, तरच हे जमतं. रोज नवे शिक्षक आले तर ते रोज पहिल्या धड्यापासून सुरुवात करतील. वर्गाच्या बाई रजेवर गेल्या की काय होतं, तुम्हाला माहीत आहेच!

मग बाबांचं खरं? निम्मं खरं. एकाच गावात राहिलं तर सातही दिवस हाती येतील, पण आपल्या मैत्रिणीला वेगवेगळे डोंगर बघायचे आहेत, तेही चूक नाही. यावर एक युक्ती आहे. मुक्काम कमी करायचे आणि डोंगर जास्त. गाव असं निवडायचं, की एकाच खोलीतून रोज वेगळ्या डोंगरावर जाता येईल.

ग्रिंडेलवाल्ड तसं आहे. गाव समुद्रसपाटीपासून १०३४ मीटरवर. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तीन शिखरं. गावाला लागूनच बोडमी नावाचा नवशिक्यांचा उतार आहे. वर फर्स्ट नावाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला मेनलिशेन आणि क्लाइने शायडेग, आणि दरीपलीकडे म्युरेन हे गाव. या सगळ्या डोंगरांवर चालणारा एकच पास मिळतो. त्यावर पाळणे, खुर्च्यांचे रोपवे आणि दातेरी चाकांवर चढणाऱ्या आगगाड्या यांतून वर जायचं आणि घसरत खाली यायचं.

या म्युरेनची एक गंमत सांगते. काठ्यांमधून नागमोडी वळणं घेत उतरण्याच्या शर्यतीला 'स्लालम' म्हणतात. आजच्या पद्धतीची पहिली स्लालम शर्यत १९२२ साली म्युरेनला भरवली ती अर्नल्ड लन या इंग्रज गृहस्थांनी. आणि त्यांचा जन्म कुठला? १८८८ सालचा, आपल्या मद्रासचा! जिथे बर्फ फक्त सरबतात दिसायचा, तिथे जन्मलेल्या माणसानं बर्फावरच्या शर्यतीचे नियम घडवले.

मग मी सुचवते ते असं. तिसऱ्या दिवशी झुरिचहून ग्रिंडेलवाल्ड. आगगाडीनं पावणेतीन तास धरा. चौथा, पाचवा, सहावा दिवस बोडमीवर शिकणं. सातव्या दिवशी शिक्षकांबरोबर मोठ्या डोंगरावर. आठव्या दिवशी झरमाट, साधारण तीन तासांचा प्रवास. नववा-दहावा तिथे. म्हणजे स्कीला सहा दिवस, मुक्काम हलवणं एकदाच. सेंट मॉरित्झला १९२८ आणि १९४८ अशी दोनदा हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा झाली, दावोसचं नाव पेपरात येतं, हे सगळं खरं. पण ती दोन गावं नकाशाच्या पूर्वेला आणि आपली दोन नैर्ऋत्येला. नकाशा उलगडून बघितलात तर तुम्हीच ती खोडाल.

झरमाट मात्र ठेवायचंच. गाव आहे सोळाशे मीटरच्या जरा वर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच शिखराच्या जवळपास बाजारपेठच भरलेली! गावात पेट्रोलच्या गाड्यांना बंदी. पाहुण्यांनी आपली मोटार आधीच्या टेश गावात ठेवायची आणि पुढे आगगाडीनं यायचं. समोर ४४७८ मीटर उंचीचा मॅटरहॉर्न. १८९८ पासून धावणारी गोर्नरग्राटची विजेची आगगाडी ३०८९ मीटरवर नेऊन सोडते. वाटेत निळ्या रंगाच्या खुणेचे सोपे उतार आहेत. (युरोपात निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. फ्रान्ससारख्या काही देशांत त्याहून सोपा हिरवाही असतो. चार दिवस शिकलेल्या मुलीनं निळ्यावरच राहायचं, मामांनी कितीही चढवलं तरी!)

झरमाटहून स्की करत डोंगर ओलांडला की पलीकडे इटलीतलं चेर्विनिया गाव येतं. एका दिवसात दोन देश! आपल्या मैत्रिणीनं पत्रात याखाली दोन रेघा मारल्या आहेत. या खेपेला हे नको, असं मी स्पष्ट सांगते. त्यासाठी निळ्या उताराहून जास्त यावं लागतं, आणि खरी मेख घड्याळात आहे. परत यायचा शेवटचा पाळणा ठरलेल्या वेळी बंद होतो आणि वारा सुटला तर त्याआधीच. तो चुकला तर रात्र इटलीत, नाहीतर कित्येक तासांचा मोटारीचा वळसा. जे जातील त्यांनी परतीची वेळ आधी ठरवावी आणि मग निघावं. पासपोर्ट जवळ असावा. इटलीत हेल्मेट कायद्यानंच सक्तीचं आहे. स्वित्झर्लंडमध्ये सक्ती नसली तरी आपण घालायचंच.

आता झरमाट आधी का नाही? एक तर शिकणं खालच्या गावात बरं, आणि उंचीची सवयही हळूहळू होते. पण या क्रमाला एक धोका आहे. झरमाट दरीच्या शेवटच्या टोकाला आहे, वाट एकच. जानेवारी २०१८ मध्ये इतका बर्फ पडला, की रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद झाली आणि सुमारे तेरा हजार पर्यटक गावात अडकले. काहींना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. म्हणून झरमाटहून थेट विमानतळ गाठायचा बेत कधी करू नये. शेवटची रात्र मामांकडेच. आणि हवेचा अंदाज वाईट असेल तर दहावा दिवस सोडून द्यायचा आणि एक दिवस आधी निघायचं. गेला तर गेला!

आईच्या भीतीबद्दल दोन शब्द, कारण ती उगाच नाही. उतारावर पुढच्या माणसाचा हक्क पहिला असतो. मागून येणाऱ्यानं त्याला सांभाळून जायचं, कारण पुढच्याला पाठीमागे डोळे नसतात. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. खुणा केलेल्या उताराबाहेर पाऊल टाकायचं नाही, कारण बाहेर हिमकडा कोसळण्याचा धोका असतो. हा धोका किती आहे ते १ ते ५ अशा आकड्यात सांगतात. दावोसची बर्फसंशोधन संस्था हिवाळ्यात रोज हे पत्रक काढते. तिथला हेलिकॉप्टर बचावाचा फोन १४१४, आणि ११२ हाही चालतो. दोन्ही आकडे कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात असू द्या.

बूट भाड्याने घेताना दुकानदार वजन आणि उंची विचारतो. लाजून दोन-चार किलो कमी सांगू नका हं! पडल्यावर स्की पायातून सुटावी म्हणून एक स्प्रिंग असते, ती वजनावर बसवतात. आकडा खोटा असेल तर ती भलत्याच वेळी सुटते किंवा सुटायला हवी तेव्हा सुटत नाही. मोजे एकच जोडी. दोन घातले की घड्या पडून फोड येतात. जीन्स तर नकोच, ती भिजते आणि वाळत नाही. काळा चष्मा आणि उन्हाचं मलम मात्र हवं. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे ऊन वरून लागतं तसं खालूनही लागतं.

आजी स्की करणार नाहीत, पण त्यांनी हॉटेलात स्वेटर विणत बसायचं का? छे! युंगफ्राउयोखला जाणारी आगगाडी आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून जाते. हा बोगदा खोदून मार्ग पुरा व्हायला १८९६ ते १९१२ अशी सोळा वर्षं लागली. स्टेशन ३४५४ मीटरवर आहे. तिथे हवा समुद्रकाठच्या दोन-तृतीयांश एवढीच, म्हणून आजींनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं, आणि ही फेरी सहाव्या-सातव्या दिवशी ठेवावी. वर गेल्यावर घाई नको, हळूहळू चालावं.

पालकांसाठी : फेब्रुवारीत तिथल्या शाळांना हिवाळी सुट्टी असते, इंग्लंड-फ्रान्सची मुलंही येतात, त्यामुळे गर्दी आणि भाडी दोन्ही वाढतात. जानेवारीचा शेवटचा पंधरवडा मला बरा वाटतो. थंडी जास्त, पण खालच्या उतारांवर बर्फ असण्याची शक्यताही जास्त. हल्ली कमी उंचीवर बर्फाचा भरवसा राहिलेला नाही, म्हणून वर जायची सोय असलेलंच गाव घ्यावं. जानेवारीच्या मध्याला वेंगेन गावाजवळ लाउबरहॉर्नची मोठी शर्यत होते (तिथे २०१३ साली एका खेळाडूनं ताशी १६१ किलोमीटरचा वेग ओलांडला होता!), तेव्हा खोल्या मिळणं कठीण, ते दिवस टाळा. शाळा बुडेल, हो. मी शिक्षिका असूनही सांगते, बुडू द्या. वह्या मैत्रिणींकडून उतरवून घेता येतील.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. त्यासाठी किमान तीस हजार युरोचा आरोग्य विमा लागतो. पण साध्या प्रवासविम्यात स्कीचे अपघात बऱ्याचदा धरलेले नसतात. बारीक अक्षरं वाचा आणि 'हिवाळी खेळ' शब्द सापडेपर्यंत सही करू नका. आगगाडीची 'हाफ फेअर' सवलत घेतली तर सोबत कुटुंब कार्ड फुकट मिळतं, त्यावर सहा ते पंधरा वर्षांची मुलं आईबाबांबरोबर बिनतिकीट प्रवास करतात. आपली मैत्रीण तेरा वर्षांची, म्हणजे तेवढं तिकीट वाचलं!

आणि मैत्रिणी, आजपासून अजिंक्यताऱ्यावर जायला लाग. आठवड्यातून तीनदा. चढताना दम लागेल ते ठीक, पण उतरताना मांड्यांना जे काम पडतं तेच स्कीवर पडणार आहे. म्हणून पायऱ्या सावकाश उतर, गुडघे थोडे वाकवून.

बाकीच्यांनी नकाशात झुरिच, ग्रिंडेलवाल्ड आणि झरमाट शोधून जोडा. शिवाय एक कोडं : आजोबा साताऱ्यातच राहणार आहेत आणि रात्री नऊला झोपतात. दिवसभर स्की करून मैत्रीण तिथल्या पाच वाजता त्यांना फोन करायचं म्हणते. आजोबा जागे असतील का? उत्तर पोस्टकार्डावर कळवा.