हप्ता दिसतो, कलम दिसत नाही

2023 च्या खरिपापासून महाराष्ट्रात पीकविमा एका रुपयात मिळू लागला. 2025 च्या खरिपात शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत, नगदी पिकांसाठी पाच टक्क्यांपर्यंत गेला. ओरड झाली ती या हप्त्याची. परंतु त्याच वेळी स्थानिक आपत्ती, पेरणी न होणे, काढणीपश्चात नुकसान ही संरक्षणे वगळून भरपाई केवळ पीककापणी प्रयोगावर ठेवण्यात आली, याची चर्चा त्या मानाने थोडीच झाली. अर्थ सरळ होता. जुन्नर-आंबेगावात एखाद्याचे भातखाचर वाहून गेले तरी, अधिसूचित क्षेत्राचे, म्हणजे बहुधा अख्ख्या महसूल मंडळाचे, सरासरी उत्पन्न ‘उंबरठा उत्पन्ना’खाली उतरल्याशिवाय त्याला छदामही मिळायचा नाही. शेजाऱ्यांचे पीक तरले, हा जणू त्याचाच अपराध!

पश्चिम पट्ट्यातील आदिवासींचा हिरडा तर अधिसूचित पिकांत नव्हताच. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने तो झोडपला, तेव्हा भरपाईसाठी आंदोलने करावी लागली.

दर हंगामाच्या शासननिर्णयात काय वगळले आहे, ते कार्यकर्त्यांनी हप्त्याची मुदत संपण्यापूर्वी गावोगावच्या चावडीवर वाचून दाखवावे.