ज्ञानजालाचा वेग कोणासाठी?

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. संशोधकांचे जाळे मात्र त्याआधीच विणले जात होते. केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ प्रकल्प हाती घेतला. मुंबईतील एनसीएसटी, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी अशा मोजक्याच संस्था त्यात होत्या. आरंभी ते स्वाभाविकही होते. पुढे २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ज्ञानजालास मंजुरी मिळाली. जिनिव्हाच्या ‘सर्न’मधील माहितीचे प्रचंड साठे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अभ्यासता येतात, ते अशा वेगवान जाळ्यांमुळेच. मात्र २००९ च्या शिक्षण अभियानातील वाटणी बोलकी आहे : विद्यापीठाला एक गिगाबिट, महाविद्यालयाला फार तर दहा मेगाबिट. देशातील बहुसंख्य विद्यार्थी शिकतात ते महाविद्यालयांतच.