पुसू नका

वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात चौकोन आखून आत "पुसू नका" लिहिलेलं तुम्ही सगळ्यांनीच पाहिलं असेल. मी स्वतः वर्षानुवर्षं लिहीत आले. पण त्या दोन शब्दांवर किती विसंबावं, ते मला गेल्या डिसेंबरात नातीच्या लग्नात कळलं.

माझा भाचा लग्नांचं व्हिडिओ मिक्सिंग करतो. तीन कॅमेऱ्यांची चित्रं स्विचर नावाच्या यंत्रात येतात आणि त्यातलं कुठलं पडद्यावर जायचं ते हा बटणांनी ठरवतो. मोठ्या चित्रात छोटं चित्र, खाली नावांची पट्टी, भोवती फुलांची चौकट... हे सगळं ऐनवेळी जुळवायला सवड कुठली? म्हणून जुळवणी एकदाच करून मेमरीत ठेवायची आणि हवी तेव्हा एका बटणाने परत आणायची. ग्रास व्हॅलीच्या मोठ्या स्विचरवर याला 'ई-मेम', म्हणजे इफेक्ट्स मेमरी, म्हणतात. ब्लॅकमॅजिकच्या एटेमवर मॅक्रोंसाठी तब्बल १०० जागा असतात.

भाच्याने आणलेलं यंत्र भाड्याचं होतं. तेच यंत्र तो नेहमी नेतो, त्यामुळे ३ नंबरवर फुलांची चौकट आहे हे त्याला पाठ. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, ह्याने ३ दाबला. आणि पडद्यावर आले हार घातलेले एक अनोळखी आजोबा, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'! जेमतेम दोन-तीन सेकंद. पण न्यू जर्सीहून लग्न बघणाऱ्या माझ्या जाऊबाईंचा लगेच फोन, "अगं, कोण गेलं?" नातीच्या सासूबाईंचा चेहरा तर मी विसरणार नाही.

झालं असं, की मधल्या आठवड्यात ते यंत्र कुणाच्या शोकसभेला गेलं होतं. गंमत म्हणजे भाच्याची मेमरी कुणी पुसलेलीच नव्हती. मेमरीत खुद्द चित्र नसतं, 'दुसऱ्या खणातलं चित्र दाखव' एवढाच हुकूम असतो. हुकूम शाबूत होता, खणातलं चित्र बदललं होतं.

भाचा म्हणाला, "मावशी, यापुढे यंत्र हातात आलं की आधी सगळं पुसून टाकणार." मला हे पटलं नाही. दुसऱ्याचं पुसून आपलं सुरक्षित होत नाही. उद्या आणखी कुणी त्याचंही पुसेल.

माझं म्हणणं साधं आहे. फळा सगळ्यांचा, टाचणवही आपली. पाठाचं टाचण कुणी फळ्यावर साठवून ठेवतं का? एटेमसारख्या स्विचरवरून सगळी जुळवणी, चित्रांसकट, लॅपटॉपवर फाईल करून ठेवता येते. ती आपली वही. यंत्र आलं की आधीच्या माणसाचं असेल ते एका फाईलमध्ये उतरवून घ्यावं, मग आपलं चढवावं, आणि परत देताना त्याचं त्याला जागच्या जागी ठेवावं.

दुसरं, नुसत्या नंबरावर भिस्त ठेवू नये. हजेरीपटावर ३ नंबर दरवर्षी असतो, मुलगा वेगळा असतो! सोय असेल तिथे 'फुलांची चौकट' असं नाव द्यावं, नसेल तिथे कागदाची चिठ्ठी चिकटवावी. आणि थेट प्रक्षेपण सुरू होण्याआधी प्रत्येक बटण एकदा दाबून पाहावं. "वेळ कुठे असतो मावशी?" हे मला सांगू नये. पाच मिनिटांचं काम आहे, आणि चहाला मांडवात पंधरा मिनिटं जातात.

भाच्याने आता वही घातली आहे. खरीखुरी, दोनशे पानी.

असो. त्या आजोबांचं नाव काही वाचता आलं नाही. पण अक्षता पडता पडता आले, तेव्हा आशीर्वादच देऊन गेले असं मी जाऊबाईंना सांगितलं आहे.