एकतिसावी बाई

कारखाने अधिनियम १९४८ मध्ये पाळणाघराचं एक कलम होतं. कारखान्यात तीसपेक्षा जास्त बायका असतील तर मालकानं पाळणाघर चालवायचं. (मुळात हा आकडा पन्नास होता, १९७६ साली तो तीसवर आणला.) कलम चांगल्याच हेतूनं लिहिलेलं. पण घटकाभर मालकाच्या खुर्चीत बसून बघू. तीस बायका होईपर्यंत त्याला पाळणाघरासाठी एक पैसा काढावा लागत नाही. एकतिसावी बाई दारात आली की तिच्या पगारासोबत खोली, आया, पाळणे, दूध असा सगळा खर्च येतो. तिच्या जागी पुरुष घेतला तर यातलं काहीच नाही. मग हजेरीपटावर बायकांचा आकडा तिसाच्या आतच घुटमळला तर नवल कसलं?

इथे मालक भला की बुरा हा प्रश्न दुय्यम आहे. भला मालकही हिशेब करतोच. सरकारनं नियम करताना बायका मोजल्या आणि त्या मोजणीवर खर्च लावला, म्हणजे बाईला कामावर घेणं महाग केलं. ‘प्रोत्साहन’, ‘कार्यक्षमता’ हे शब्द ऐकले की आपल्यापैकी अनेकींना खाउजाची भाषणं आठवतात आणि कान मिटतात. मला वाटतं, ते मिटू नयेत. हे गणित आपल्या मागण्यांच्या पोटातच आहे.

बाळंतपणाच्या रजेचंच बघा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातली १२ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ साली २६ आठवड्यांवर गेली. दोन मुलांपर्यंत २६, पुढे १२. रजा हवीच होती, २६ आठवडे हवेच होते, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे बिलाचा. हा सगळा पगार ज्या मालकाकडे ती बाई काम करते त्या एकट्यानं द्यायचा. २०१८ साली सरकारनं त्यातल्या सात आठवड्यांचा पगार काही मालकांना परत देण्याची कल्पना मांडली होती, ती कागदावरच राहिली. आता हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. बिल मात्र त्याच पत्त्यावर जातं. दहा-बारा माणसांच्या छोट्या कार्यालयाला एका माणसाचा सहा महिन्यांचा पगार म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. म्हणून मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’ हा प्रश्न येतो. जिथे तोंडानं विचारत नाहीत तिथे मनात विचारतात आणि अर्ज बाजूला ठेवतात. नोकरीच न मिळालेल्या बाईला कुठला कायदा दाद देणार?

ही अडचण कुणाच्या ध्यानातच आली नव्हती असंही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९१९ सालच्या पहिल्याच अधिवेशनात मातृत्वाचा करार केला, त्यात लाभाचा पैसा सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून यावा असं म्हटलं होतं. आपल्याकडे मुंबई विधिमंडळात १९२८ साली मातृत्व लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि लोकांचं कल्याण ही मुख्यतः सरकारची जबाबदारी असल्यानं या खर्चाचा भार सरकारनंही उचलायला हवा, हे मान्य केलं. १९२९ साली कायदा झाला. मातृत्व लाभाचा देशातला हा पहिला कायदा. त्यात भार पडला गिरणीमालकांवर.

त्या काळात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. १९८२ चा संप झाला तोवर त्या नावापुरत्या उरल्या होत्या. नवी यंत्रं, रात्रपाळीची बंदी, बाळंतपणाचा खर्च, अशी कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. कुणाचा वाटा किती यावर अभ्यासक वाद घालोत. पण यंत्र आल्यावर कुणाला काढायचं हे ठरवताना मालकाच्या वहीत बाई महाग दिसत होती, एवढं नक्की.

दुसरा रस्ता आपल्याच देशात आहे. १९४८ च्या कायद्यानं आलेली कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय. मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. पुरुष असो की बाई, वर्गणी तीच. बाळंतपणाचे २६ आठवडे महामंडळ पैसे देतं. मालकाला बाई घेतली म्हणून वर्गणी वाढत नाही, पुरुष घेतला म्हणून वाचत नाही. (तिच्या जागी तात्पुरतं माणूस शोधण्याची दगदग उरते, ती मी नाकारत नाही. वडिलांनाही रजा सक्तीची झाली तर तो फरकही घटेल.) पण २०१७ पासून ईएसआयला महिना २१,००० रुपये पगाराची मर्यादा आहे. त्यावर पगार गेला की बाई योजनेबाहेर आणि बिल पुन्हा एकट्या मालकाकडे. २०१९ साली सरकारनं एकूण वर्गणी ६.५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणली. मालकांना सवलत मिळाली. त्याच वेळी निदान बाळंतपणापुरती ही मर्यादा काढून टाकता आली असती. ते कुणाला सुचलं नाही.

‘म्हणजे मालकांचा खर्च समाजाच्या डोक्यावर?’ असं काही मैत्रिणी विचारतील. मालकांना सोडून द्यायचं नाहीच. त्यांच्याकडून एकूण पगारपटावर घ्यायचं, बायकांच्या संख्येवर नाही. बाजाराच्या कार्यक्षमतेचे गोडवे गाणाऱ्यांनीही एक सांगावं : चांगलं काम येणारी बाई केवळ गर्भाशय आहे म्हणून दारातून परत जाते आणि तिच्याहून कच्चा पुरुष आत येतो, ही कसली कार्यक्षमता?

पाळणाघराच्या बाबतीत हे सरकारला उमगलेलं दिसतं. २०१७ च्या दुरुस्तीपासून पन्नास कर्मचाऱ्यांची अट आली आणि त्या पन्नासांत पुरुषही मोजले जातात. एकतिसाव्या बाईचं गणित तिथे संपलं. मग पगाराच्या बाबतीत का नाही?

हे झालं पगारपटावर नाव असलेल्या बायकांचं. बाकीच्यांसाठी अन्नसुरक्षा कायद्यानं २०१३ साली किमान ६,००० रुपये कबूल केले. २६ आठवड्यांवर वाटले तर दिवसाला ३३ रुपये. २०१७ च्या मातृवंदना योजनेत त्याचे पहिल्या बाळासाठी ५,००० झाले, तेही हप्त्यांनी.

आणि जिथे सरकारचा नियम पोचतच नाही तिथे बाजार स्वतःचा नियम करतो. ऊसतोडीला उचल मिळते ती नवरा-बायकोच्या कोयत्याला. खाडा झाला की पैसे कापले जातात, मग पाळी असो की पोटदुखी. बीडमधल्या पिशवी काढण्याच्या ऑपरेशनांची २०१९ साली राज्य सरकारच्या समितीनं चौकशी केली. पाहणीतल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. खाड्याची किंमत बायकांनी अशी मोजली.

ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचं राज्य सरकारनं ठरवलं आहे. आकारणीची ही रीत मला योग्य वाटते, कारण ऊस कुणी तोडला, बाईनं की पुरुषानं, हे टनाला कळत नाही. या निधीतून गरोदर आणि बाळंत बायकांना हंगामभराची मजुरी मिळावी, आजारपणाच्या खाड्याची भरपाई व्हावी आणि ती रक्कम मुकादमाच्या हातून न जाता बाईच्या खात्यात पडावी, ही मागणी आपण दिवाळीच्या आत, गाड्या गावाबाहेर पडण्याआधी, प्रत्येक कारखान्याच्या गेटवर नेली पाहिजे.