पालथे पडू लागलेल्या बाळाची झोप

तान्हे बाळ पहिल्यांदा आपल्या बळावर पालथे पडते तो दिवस घरात कौतुकाचा असतो. मात्र त्याच रात्रीपासून त्याच्या झोपेची तोवरची व्यवस्था अपुरी पडू लागते, आणि ते पलंगावरून पडू नये म्हणून घरातील मंडळी जो उपाय हटकून योजतात, म्हणजे त्याच्या दोन्ही अंगांना उशा किंवा लोड लावून त्याला अडवतात, तो उपायच अनेकदा पडण्यापेक्षा जास्त जोखमीचा ठरतो. साधारणपणे चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान बाळ कुशीवर वळून पालथे होण्याची खटपट सुरू करते. उताण्याचे पालथे होणे आणि पालथ्याचे पुन्हा उताणे होणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, आणि त्यांपैकी एक साधल्यावर दुसरी साधेपर्यंत काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा काळ मध्ये जाऊ शकतो. झोपेच्या दृष्टीने हा मधला काळच सर्वांत नाजूक असतो.

बाळाला उताणे निजवावे, हा आज सर्वमान्य असलेला सल्ला वैद्यकात फार उशिरा रूढ झाला. एक वर्षाच्या आतील बाळाचा अचानक मृत्यू झाला, आणि शवविच्छेदन, मृत्यूच्या जागेची पाहणी व पूर्वीच्या आजारांची चौकशी करूनही त्याचे कारण सापडले नाही, तर त्याला ‘आकस्मिक शिशुमृत्यू’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘सिड्स’ या नावाने ओळखला जातो. असे मृत्यू बहुतांशी झोपेतच घडतात. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांचे १९४६ साली निघालेले बालसंगोपनाचे पुस्तक जगभर घरोघरी वाचले गेले, आणि त्याच्या १९५८ च्या आवृत्तीपासून बाळाला पालथे निजवण्याची शिफारस त्यात आली. उताण्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकून ते गुदमरेल, असा त्यामागचा तर्क होता. तर्क सरळ होता, म्हणूनच तो तपासून पाहावा असे बराच काळ कोणाला वाटले नाही.

प्रत्यक्षात शरीराची रचना नेमके उलटे सांगते. बाळ उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्या खाली असते, त्यामुळे गुळणीवाटे वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरण्यासाठी वर चढावे लागते. बाळ पालथे असताना हीच मांडणी उलटी होऊन ते दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी येण्याची शक्यता वाढते. शिवाय पालथ्या बाळाचे नाक-तोंड अंथरुणाशी टेकले म्हणजे त्याने सोडलेलीच हवा पुन्हा आत घेतली जाते, तीत प्राणवायू कमी व कार्बन डायऑक्साइड जास्त होत जातो, अंगातील उष्णता कमी बाहेर पडते आणि झोप इतकी गाढ लागते की एरवी जाग आणणारी धोक्याची सूचना मेंदूला वेळेवर पोहोचत नाही.

पुरावा नव्हता असेही नाही. हाँगकाँगमध्ये बाळांना परंपरेने उताणे निजवत असत, आणि तेथे असे मृत्यू अगदी विरळ असल्याचे निरीक्षण १९८५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. नेदरलँड्समध्ये सत्तरच्या दशकात पालथे निजवण्याची पद्धत आल्यानंतर हे मृत्यू वाढले, आणि १९८७ च्या सुमारास तेथील बालरोगतज्ज्ञांनी तिच्याविरुद्ध सल्ला देताच ते कमी झाले. त्यानंतर न्यूझीलंड, १९९१ साली ब्रिटन आणि १९९४ साली अमेरिका अशा क्रमाने ‘पाठीवर निजवा’ या आशयाच्या मोहिमा निघाल्या, आणि अमेरिकेत दशकभरातच या मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात रूथ गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले, की १९७० पर्यंत हाती आलेली माहिती एकत्र मांडून पाहिली असती तर पालथे निजवण्यातील धोका तेव्हाच स्पष्ट झाला असता, आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान ५०,००० बाळांचे मृत्यू टळू शकले असते. महाराष्ट्रातील घरांत बाळाला उताणे ठेवण्याचीच रीत सर्वसाधारणपणे होती; मात्र डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देण्याची रीतही तिच्याच जोडीने होती, हे विसरता येत नाही.

बाळ वळू लागल्यावर या सल्ल्याचे काय करायचे, याचे उत्तर अमेरिकी बालरोग अकादमीच्या २०२२ च्या मार्गदर्शनात पुरेसे स्पष्ट आहे. वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला प्रत्येक वेळी, दुपारच्या डुलकीलाही, उताणेच निजवावे. परंतु दोन्ही बाजूंनी सहज वळता येऊ लागलेले बाळ झोपेत आपण होऊन पालथे झाले तर त्याला तसेच राहू द्यावे. आकस्मिक शिशुमृत्यूचा धोका दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वाधिक असतो आणि सुमारे ९० टक्के मृत्यू सहा महिन्यांच्या आत घडतात, तसेच दोन्हीकडे वळू शकणाऱ्या बाळाच्या मानेत व धडात तोंड बाजूला करण्याइतके बळ आलेले असते, हा या सवलतीचा आधार आहे. जे बाळ पालथे होते पण परत फिरू शकत नाही, ते तसे आढळल्यास हलकेच उताणे करावे; त्यासाठी आई-बापांनी रात्रभर जागून पहारा करावा अशी अपेक्षा कोणीही केलेली नाही, आणि दमलेल्या माणसाने बाळाला घेऊन सोफ्यावर बसल्या बसल्या झोपी जाणे हे पहारा न करण्यापेक्षा कितीतरी घातक आहे. थोडक्यात, बाळाची स्थिती हळूहळू त्याच्या स्वाधीन होत जाते. मोठ्यांच्या हातात उरते ती जागा.

या जागेत घट्ट, सपाट गादी आणि तिच्यावर ताणून बसवलेली चादर याखेरीज काहीही नसावे. कापसाची गादी नुकतीच पिंजून भरली असेल तर ती बाळासाठी फार मऊ असते; तळहाताने दाबून हात उचलल्यावर खळगा तसाच राहत असेल, तर पालथ्या बाळाचे तोंड त्याच खळग्यात रुतणार. अडवण्यासाठी लावलेल्या उशांचा दोषही हाच आहे: बाळ वळून उशीला भिडते, नाक तिच्यात दबते आणि मागे सरकण्याची युक्ती त्याला अजून आलेली नसते. पलंग भिंतीला लावला तरी गादी आणि भिंत यांमधील फट उरते. पलंगाऐवजी गादी जमिनीवर घालणे हा पडण्यावरचा साधा आणि बिनखर्चाचा उपाय आहे, आणि एका खोलीच्या घरात आईच्या हाताच्या अंतरावर बाळाचे वेगळे अंथरूण त्यामुळे शक्य होते. आईने बाळाला पांघरुणात जवळ घेऊन झोपण्याची सवय इतकी खोलवर रुजलेली आहे की तिच्यावर नुसता निषेध नोंदवून काही साधत नाही. निदान घरात धूम्रपान होत असेल, कोणी मद्य किंवा गुंगी आणणारे औषध घेतले असेल, अथवा बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर वेगळ्या अंथरुणाचा आग्रह धरलाच पाहिजे.

दुपट्यात हात आत घेऊन घट्ट गुंडाळण्याचा प्रकार बाळ वळण्याची पहिली खूण दाखवताच थांबवायला हवा, कारण गुंडाळलेले बाळ पालथे झाले तर हातांचा टेका घेऊन त्याला डोके उचलता येत नाही. वळू लागलेले बाळ टांगत्या पाळण्यातही ठेवू नये. त्याच्या कडा ठेंगण्या असतात, आणि बाळ एका बाजूला लवंडले की पाळणाही त्याच बाजूला कलतो. साडीच्या झोळीचा प्रश्न वेगळा आहे. तिच्यात पाठ वाकून हनुवटी छातीशी टेकते आणि आधीच अरुंद असलेला श्वासमार्ग दबतो, त्यात कापडाच्या दोन्ही बाजू तोंडाजवळ येतात. उतरत्या, अर्धवट बसत्या झोपाळ्यांत घडलेल्या मृत्यूंनंतर अमेरिकेत २०१९ साली अशी लाखो साधने बाजारातून परत मागवली गेली आणि २०२२ च्या कायद्याने दहा अंशांहून अधिक उतार असलेल्या शिशुशय्यांच्या विक्रीवर बंदी आली. झोळीच्या बाकाला तर असा अंशांचा हिशेबही लावता येत नाही. गळ्यातला काळा दोरा, पाळण्यावरचे हाताला लागेल असे चिमणाळे आणि उन्हाळ्यातही डोक्यावर राहिलेले टोपरे यांनाही झोपण्यापूर्वी रजा द्यावी.

जागेपणी मात्र बाळाने पालथे असणे आवश्यक आहे. सतत उताण्या राहणाऱ्या बाळाचे डोके मागून चपटे होऊ लागते आणि मानेच्या व खांद्यांच्या स्नायूंना काम मिळत नाही, म्हणून कोणीतरी समोर असताना दिवसातून अनेकदा थोडा वेळ त्याला पोटावर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. आजी किंवा मालिशवाली बाई पाय पसरून बसते, बाळाला नडग्यांवर पालथे घेऊन पाठीला तेल चोळते आणि बाळ मान उचलून इकडेतिकडे पाहते, तेव्हा हाच व्यायाम घडत असतो. बाळंतिणीच्या खोलीतील या पद्धतीला कोणत्याही नव्या साधनाची जोड लागत नाही.

ज्या बाळाला उताणे झोपण्याची सवय आहे त्याला एखाद्या दिवशी दुसऱ्याच कोणी पालथे निजवले, तर धोका नेहमी पालथ्या झोपणाऱ्या बाळापेक्षाही कितीतरी पटींनी वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. आणि बाळ दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची वेळ बहुधा याच सुमारास येते. भारतात २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, तीतील आठ आठवड्यांपर्यंतची रजा बाळंतपणापूर्वी घेता येते, आणि म्हणून नोकरदार आई कामावर परतते तेव्हा बाळ बहुधा चार ते सहा महिन्यांचे, म्हणजे नेमके वळू लागलेले असते. अशा वेळी पाळणाघर निवडताना दुधाच्या वेळा, स्वच्छता आणि शुल्क यांची चौकशी सगळेच करतात. दुपारी बाळाला कशावर, कसे निजवतात आणि ते झोपेत वळले तर सांभाळणारी बाई काय करते, हेही विचारावे, आणि झोपेच्या वेळी ती खोली एकदा प्रत्यक्ष पाहून यावी.