आडवं होणं

‘जरा आडवा होतो’ म्हणणाऱ्याला कुणी झोपाळू म्हणत नाही. पाठ टेकायची, एवढंच. या एका कृतीला मराठीत शब्द तरी किती! निजणं, पहुडणं, कलंडणं, लवंडणं (कळशी लवंडते, तसेच पोटभर जेवलेले काकाही). घरंदाज शब्द म्हणजे शयन. संस्कृत ‘शी’ धातूचा अर्थ पडून राहणं. त्यातून शय्या, प्राकृतात सेज्जा, आणि आपल्याकडे शेज. म्हणून देवाची शेजारती, आणि देव चार महिने निजतात म्हणून आषाढात शयनी एकादशी. ग्रीक भाषेतलं ‘केइमाइ’ हे याच ‘शी’चं भावंड; ‘सेमेटरी’ त्याच कुळातली, मूळ अर्थ निजण्याची जागा. यंत्रमागांच्या भिवंडीत मात्र ‘आडवा’ हाच शब्द चपखल बसतो. यंत्रमागावर ताणा उभा, बाणा आडवा. धोटा या कडेहून त्या कडेला खडखडत गेला की आडवा धागा पडतो. ‘उभा’ आला ‘ऊर्ध्व’वरून, प्राकृत ‘उब्भ’ होऊन. मागापुढचा कामगारही 12 तासांच्या पाळीत बहुतेक वेळ उभाच. सुटला की दाटीवाटीच्या खोलीवर येतो. पाळीवर निघालेला उठतो, त्याच चटईवर हा आडवा होतो. चटई गार व्हायलाही सवड नाही. शब्दांची चैन आपल्याला परवडते. या खोल्यांत माणशी एक चटई आणि डोक्यावर चालता पंखा तरी हवा. मागमालकांनी एवढं मनावर घ्यावंच.