एका कानाचे बहिरेपण आणि सरकारी हिशेब

इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगाव येथील एखाद्या यंत्रमाग कामगाराने डाव्या कानाने ऐकू येईनासे झाल्याची तक्रार केली, तर तिचे उत्तर बहुधा तपासणीपूर्वीच तयार असते : मागाच्या खडखडाटात आयुष्य गेले, आता कान जाणारच! हे उत्तर वरकरणी सहानुभूतीचे वाटते. प्रत्यक्षात ते चुकीचे आहे आणि मालक, सरकार व दवाखाना या तिघांच्याही सोयीचे आहे. गोंगाट दोन्ही कानांवर आदळतो. त्यामुळे होणारी हानी साधारणतः दोन्ही बाजूंना होते आणि श्रवणालेखावर ती ४,००० हर्ट्झच्या आसपास खाचेसारखी उमटते. एकाच कानाची शक्ती घटत असेल, तर कारण मागाबाहेरही शोधावे लागते. अशा कारणांपैकी एक, विरळ परंतु घातक कारण म्हणजे श्रवणमज्जातंतूवरील गाठ.

ही गाठ कर्करोगाची नव्हे. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या मज्जातंतूच्या, बहुधा तोल सांभाळणाऱ्या शाखेच्या, आवरणातून ती उगवते. ती सावकाश वाढते. कित्येक गाठी तर वर्षानुवर्षे आहेत तेवढ्याच राहतात. परंतु वाढलेली गाठ अखेर मेंदूच्या खोडावर दाब आणते, आणि मग प्रश्न कानाचा न राहता प्राणाचा होतो. दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांत एका कानाचे श्रवण कमी झालेले आढळते. अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९१७ साली या गाठींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हाच लक्षणांच्या क्रमात कान अग्रभागी असतो हे त्यांनी दाखवून दिले होते. गाठ लहान असताना कळली, तर तिच्यावर नुसती नजर ठेवणे, किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया असे तिन्ही मार्ग मोकळे असतात. ती तीन सेंटिमीटरच्या पलीकडे गेली की बहुधा शस्त्रक्रियाच उरते आणि चेहऱ्याची हालचाल करणारा शेजारचा मज्जातंतू वाचवणे कठीण होऊन बसते. उशिरा निदान झालेल्या कामगाराला वाकडे तोंड आणि न मिटणारा डोळा घेऊन उरलेले आयुष्य काढावे लागते, ते यामुळे.

निदानाचा निर्णायक पुरावा एमआरआय छायाचित्रणातून मिळतो. पण प्रत्येक बहिऱ्या माणसाला त्या यंत्रात घालणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही. म्हणून आधी चाळणी लागते, आणि ती चाळणी म्हणजे साधी श्रवणचाचणी. प्रत्येक कानाला वेगवेगळ्या पट्टीचे स्वर ऐकवायचे, कोणता स्वर किती डेसिबलला ऐकू आला ते टिपायचे आणि दोन्ही कानांचे आलेख एकमेकांशी ताडून पाहायचे. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, आंतरकर्णाच्या किंवा मज्जातंतूच्या बहिरेपणात लगतच्या दोन स्वरांवर दोन कानांत १५ डेसिबल वा अधिक फरक दिसल्यास एमआरआयचा विचार करावयाचा असतो.

ही १५ डेसिबलची रेषा निसर्गाने आखलेली नाही. ती खाली आणली तर अधिक गाठी सापडतील, पण निष्फळ छायाचित्रणेही वाढतील. वर नेली तर पैसा वाचेल आणि काही गाठी निसटतील. आजही या चाळणीतून पुढे गेलेल्या शंभर जणांत प्रत्यक्ष गाठ निघते ती एकदोघांत, फार तर चारपाचांत. शिवाय थोड्या रुग्णांचे दोन्ही कान सारखेच ऐकतात आणि ते चाळणीत अडकतच नाहीत. मेंदूच्या खोडाचा विद्युत् प्रतिसाद मोजणाऱ्या चाचणीवर १९७७ नंतर फार मोठी भिस्त होती. पण एक सेंटिमीटरहून लहान गाठी तिलाही पुष्कळदा चकवतात, हे पुढे दिसून आले. तात्पर्य, रेषा कोठे आखायची हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही, तो सार्वजनिक वित्तव्यवहाराचा आहे. ब्रिटनने रेषा आखली आणि ती छापून जाहीर केली. चूक की बरोबर, यावर तेथील नागरिक निदान वाद घालू शकतो. महाराष्ट्रात ही रेषा रुग्णाचा खिसा आखतो.

कोणी म्हणेल, लाखात एकाला होणाऱ्या रोगासाठी एवढा आटापिटा का? लाखात एक हा पाश्चात्त्य नोंदींतून आलेला जुना, ढोबळ वार्षिक दर. तोच धरला, तरी २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या ११ कोटी २३ लाख लोकसंख्येत वर्षाला अकराशेहून अधिक नवे रुग्ण होतात. डेन्मार्कमध्ये १९७६ पासून या गाठींची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. तेथे पुढील काही दशकांत निदानाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले आणि निदानाच्या वेळी आढळणाऱ्या गाठींचा आकार घटत गेला. गाठी एकाएकी वाढल्या नव्हत्या. शोधण्याची साधने सामान्य माणसापर्यंत पोहोचली होती. विरळपणा हा पुष्कळदा न शोधण्याचाच परिणाम असतो. हा साधा मुद्दा अंदाजपत्रक तयार करणाऱ्यांच्या ध्यानी येऊ नये, याचे नवल वाटते!

दुसऱ्या टोकाला खाजगी बाजार आहे. कानाची कसलीही तक्रार नसलेल्या सधन गृहस्थाला संपूर्ण शरीरतपासणीच्या नावाखाली एमआरआय विकला जातो. त्यात कधीमधी एखादी इवलीशी, न वाढणारी गाठ सापडते आणि पुढील अनेक वर्षे भय व बिले यांचा पुरवठा चालू राहतो. लक्षणे नसलेल्या सरसकट जनतेची अशी चाळणी करण्याची मागणी कोणत्याही समाजवाद्याने करू नये. ज्याला गरज नाही त्याला महागडे यंत्र, आणि ज्याचा कान खरोखर गेला आहे त्याला स्वस्त चाचणीही नाही. बाजाराला हे वाटप कार्यक्षम वाटते!

सरकारी दप्तरात मात्र सारे काही आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने गोंगाटजन्य बहिरेपण हा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत धरला होता. पण यंत्रमागाचा धंदा लहान लहान शेडमध्ये विभागलेला, कामगारांचा आकडा कायद्याच्या मर्यादेखाली दाखवता येणारा. २०२० च्या संहितेने तर विजेवर चालणाऱ्या कारखान्यांची ही मर्यादा दहावरून वीस कामगारांवर नेली. बधिरता प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ साली सुरू झाला. त्याचा आधार मुख्यतः जिल्हा रुग्णालय. मीटरवर मजुरी मिळवणाऱ्याने जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे दिवसाच्या कमाईवर पाणी सोडायचे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा गाभा रुग्णालयात दाखल झालेल्याचे उपचार हा आहे. बाह्यरुग्ण म्हणून आलेल्याचा कान तपासून घेणे हा नव्हे. म्हणजे गाठ मोठी होऊन कवटी उघडण्याची वेळ आली की खजिना उघडणार, आणि ती लहान असताना काही मिनिटांच्या चाचणीला मात्र पैसा नाही. हा कसला काटकसरीचा हिशेब?

फोन नेहमीचा कान सोडून दुसऱ्या कानाला लावावा लागतो, एका कानात सतत गुंजारव होतो, आवाज येतो पण शब्द कळत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचा कान मळासाठी पाहून झाल्यावर दोन्ही कानांचा श्रवणालेख तालुक्याच्या रुग्णालयातच निघाला पाहिजे. फरकाची रेषा शासनाने जाहीर करावी आणि ती ओलांडणाऱ्याचा एमआरआय, तो दाखल होवो वा न होवो, सार्वजनिक खर्चाने व्हावा. यंत्रमाग कामगारांच्या संघटनांनीही वार्षिक श्रवणचाचणीची मागणी केवळ नुकसानभरपाईपुरती ठेवू नये. भरपाईच्या दाव्यात बहिरेपणाची एकूण टक्केवारी पाहिली जाते. त्याच कागदावर डाव्या आणि उजव्या कानांतला फरकही असतो, आणि तो वाचून पाहण्यास एक पैसाही जादा लागत नाही.